तारेवरून प्रश्नचिन्ह जात नाही

आधीच सांगते, ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या नवऱ्याची आहे आणि माझ्या डोळ्यांदेखत घडली आहे. ग्वादालूपे माउलीची शपथ, यात पदरचं एक अक्षर नाही.

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर हसा. हसणारे खूप पाहिले मी.

तुम्ही म्हणाल, भुताची गोष्ट म्हणजे अमावस्येची रात्र असणार. नाही. ही भर दुपारची आहे. आमच्या तोनाला गावातली, ईस्टरच्या आधीच्या आठवड्यातली. त्या दिवसांत आमच्याकडे असं ऊन असतं की कुत्रीसुद्धा भिंतीला चिकटून चालतात.

माझं नाव ओदिलिया. नवऱ्याचं सिल्वेरिओ.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमचं वर्कशॉप होतं. जुनी मशिनं घ्यायची, दुरुस्त करायची, त्यांना नवे कंट्रोलर बसवायचे. लोखंडाचं काम सिल्वेरिओचं. सोल्डरिंग माझं, कारण लग्नाआधी मी कारखान्यात तेच करत होते. आणि वायरिंगचं, कॉम्प्युटरचं काम नाबोरचं.

नाबोर म्हणजे कुणी परका नव्हे. आमच्या लेकीला, मिरेयाला, बाप्तिस्म्याच्या दिवशी त्यानेच हातावर घेतलं होतं. तेव्हापासून तो तिचा धर्मपिता, म्हणून आमचा कोम्पाद्रे आणि मी त्याची कोमाद्रे. आमच्याकडे सख्खे भाऊ कोर्टात भांडतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण कोम्पाद्रेशी कुणी दगा करत नाही. ते नातं देवासमोर जोडलेलं असतं.

असं मी तेव्हा मानत होते.

आदल्या वर्षी आमच्याकडे एक प्रेस आली होती. कातडी पट्ट्यांची बक्कलं ठोकणारी. जुनी होती, पण हत्तीसारखी मजबूत. मालकाला तिच्या तोंडाला जाळीचं दार हवं होतं. जाळी उघडी असेल तर पायडल दाबलं तरी प्रेस खाली येता कामा नये, एवढंच त्याचं म्हणणं.

नाबोरने त्यासाठी एक इवलीशी चिप आणली. तिच्या शेजारी तांब्याचं वेटोळं, गोगलगायीच्या पाठीसारखं. जाळीला तांब्याची पट्टी लावली. पट्टी वेटोळ्याजवळ आली की चिपला न शिवताच कळायचं की जाळी बंद झाली. लांब गेली की कळायचं, उघडली.

आणि चिपपासून कंट्रोलरपर्यंत एकच तार.

बोलणं त्याच तारेवरून, ऐकणंही त्याच तारेवरून. कंट्रोलर विचारणार, "बंद?" चिप सांगणार, "बंद" नाहीतर "उघडी". एक बोलत असताना दुसऱ्याने गप्प बसायचं.

"नवरा-बायकोसारखं नाही हं," नाबोर म्हणायचा. "इथे एक जण खरोखर गप्प बसतो."

सिल्वेरिओ खो खो हसायचा. नाबोरच्या कुठल्याही विनोदावर हसायचा तो.

ज्या दिवशी ते झालं, मी मिरेयाला घेऊन बाजारात गेले होते. परत आले तर दारात गर्दी. कुणी माझ्याकडे बघेना.

सिल्वेरिओ प्रेसमध्ये डाय, म्हणजे ठोकायचा साचा, बसवत होता. जाळी वर होती. दोन्ही हात आणि डोकं आत. वाकताना त्याचा बूट पायडलवर पडला...

प्रेस खाली आली.

यापुढचं मी सांगणार नाही.

कामगार कचेरीतले लोक आले. त्यांना वेटोळ्यासमोर तांब्याचा एक तुकडा खोचलेला सापडला. तो तिथे असला की जाळी उघडी असली तरी चिपला ती बंदच वाटणार. तुकडा कुणी खोचला?

नाबोर ओक्साबोक्शी रडत होता. रडत रडतच म्हणाला, "सिल्वेरिओने. सारखी जाळी खाली-वर करायचा त्याला कंटाळा. मी किती वेळा सांगितलं, कोम्पाद्रे, असं करू नकोस..."

झालं. कागदावर चढलं, मयताची स्वतःची चूक.

सगळ्या वस्तीत तेच झालं. "स्वतःच्या हाताने मेला." शाळेत पोरं मिरेयाला म्हणाली, तुझ्या बापाने स्वतःचाच टॉर्टिया केला. ती घरी येऊन रडली नाही. नुसती जेवायची थांबली.

आणि मी? मीही तेच मानलं. कबरीवर जायचे तेव्हा फुलं कमी आणि शिव्या जास्त वाहायचे. "मूर्खा, माझा नाही तर पोरीचा तरी विचार करायचास!" माझ्या नवऱ्याने घाईपायी आम्हाला उघड्यावर टाकलं, असंच वाटायचं मला. त्याने फसवलं, असंच.

नाबोर मात्र रोज यायचा. वर्कशॉप त्याने चालू ठेवलं. मिरेयाला खाऊ आणायचा. वस्तीत सगळे म्हणायचे, कोम्पाद्रे असावा तर असा.

आता त्या दुपारचं सांगते.

दुसऱ्या एका मालकाचं काम आलं होतं. प्रेस दुसरी, पण चिप तसलीच, वेटोळं तसंच, तार एकच. नाबोरने सामान माझ्या बाकावर मांडलं, तारेचं एक टोक लॅपटॉपला जोडलेलं.

"कोमाद्रे, तेवढी तार चिपला जोडून ठेव. मी दोन घास खाऊन येतो."

"तुझे दोन घास म्हणजे दोन तास."

"मग काय, पोटाला कुलूप लावू?"

दारातून तो परत वळला. "आणि स्क्रीनला हात लावू नकोस. आलो की मीच बघतो."

मला एखादी गोष्ट करू नको म्हटलं की संपलंच. त्याची सायकल कोपऱ्यावरून वळली आणि मी लॅपटॉप पुढे ओढला.

बाहेर नेहमीचे आवाज होते. शेजारच्या कुंभाराचा रेडिओ. गॅस विकणाऱ्या गाडीची रस्त्यावर फरफटणारी साखळी. पिंजऱ्यात आमचा पोपट दाणे फोडत होता.

स्क्रीनवर दोन-तीन खिडक्या होत्या. एक उघडली आणि टाइप केलं, "बंद?"

लगेच खाली उमटलं.

"बंद."

अरे वा, म्हटलं. चालतंय की! पुन्हा विचारलं. पुन्हा "बंद". मी खूश झाले आणि सोल्डरिंगचं पेन उचलायला हात पुढे केला.

तेव्हा तारेचं दुसरं टोक दिसलं...

ते बाकावर मोकळं पडलं होतं.

चिप अजून तिच्या पुडीतच होती. मी पुडी फोडलीसुद्धा नव्हती.

तार पुढे कशालाच जोडलेली नव्हती. मग मला "बंद" म्हणालं कोण?

घाबरले नाही मी तेव्हा. डोकं चाललं माझं. बोलणं आणि ऐकणं एकाच तारेवर. म्हणजे मी जे बोलले तेच मला परत ऐकू आलं! माझंच "बंद?" फिरून "बंद" होऊन आलं. तारेवरून प्रश्नचिन्ह जात नाही. प्रश्न आणि उत्तर, दोन्हींचा शब्द एकच.

अशा तारेवर आपला शब्द आधी टाकून द्यायचा असतो. मग थांबायचं. मग जे येईल ते समोरच्याचं. पण या खिडकीत तसं काही नव्हतं. विचारलं रे विचारलं की स्वतःचाच शब्द उत्तर म्हणून दाखवत होती ती.

खिडकीच्या वर नाव होतं. "बक्कल प्रेस."

गेल्या वर्षीचाच, त्या प्रेसच्या कंट्रोलरचा प्रोग्राम होता तो.

हळूहळू डोक्यात शिरलं. गेल्या वर्षी कंट्रोलरने लाख वेळा विचारलं असेल, "बंद?" आणि लाख वेळा स्वतःचंच "बंद" ऐकलं असेल. जाळी खाली असली तरी बंद, वर असली तरी बंद. चिप बिचारी मागून ओरडत असेल, उघडी, उघडी. ऐकायला थांबतोय कोण?

म्हणजे ती प्रेस उघड्या जाळीनेही चालतच होती. पहिल्या दिवसापासून.

मग तांब्याचा तुकडा खोचायची गरज कुणाला होती?



का कोण जाणे, मी पुन्हा टाइप केलं. "बंद?"

"बंद."

माझाच शब्द. मी बघत बसले. आणि मग... थोड्या वेळाने... त्याच्या खाली...

"उघडी."

मी तारेचं मोकळं टोक उचलून डोळ्यांसमोर धरलं. टोकाला काहीही नव्हतं. हवा होती.

तेव्हा जाणवलं की रेडिओ ऐकू येत नाहीये.

साखळीही नाही. पोपटाने दाणे फोडायचं थांबवलं होतं. तो मान वाकडी करून शेडच्या त्या कोपऱ्याकडे बघत होता.

जिथे ती प्रेस होती.

प्रेस मालकाने कधीच नेली होती. तिथे फक्त जमिनीत बोल्टची भोकं उरली होती. मी त्या जागी काही ठेवत नाही. झाडूसुद्धा लांबून मारते.

त्या रिकाम्या जागेतून आवाज आला...

खट्ट.

पायडलचा. आयुष्यभर ऐकलाय तो मी, चुकणार नाही.

"सिल्वेरिओ?" मी म्हटलं.

स्क्रीनवर ओळी उमटू लागल्या. मी काही विचारलं नव्हतं. बोटं मांडीवर होती माझी. विचारल्याशिवाय ती चिप कधी बोलत नाही, आणि चिप तर पुडीत होती.

"उघडी."

"उघडी."

"उघडी."

मी रडायला लागले. भीतीने नाही. वर्षभर ज्याला मूर्ख म्हटलं तो माणूस एवढंच सांगत होता की जाळी उघडी होती आणि कुणी ऐकलं नाही.

सायकल वाजली. नाबोर आत आला, ओठांना अजून तिखट लाल रस्सा लागलेला. माझा चेहरा बघून थबकला.

"काय झालं, कोमाद्रे?"

"तार कशालाच जोडलेली नाही, नाबोर. तरी उत्तर देतेय."

मला भुताबद्दल बोलायचं होतं. पण त्याने स्क्रीनवरची फक्त वरची ओळ पाहिली आणि घाईघाईने म्हणाला, "अगं, ते आपलंच बोलणं परत येतं! ती जुनी खिडकी आहे, ती कशाला उघडलीस? नवीनमध्ये मी ती चूक काढलीय."

बोलून गेला. आणि मग त्याला कळलं की तो काय बोलून गेला.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"काय माहीत होतं?"

"शब्द फिरवू नकोस. चूक काढलीस म्हणजे चूक माहीत होती."

"अगं, हे नंतर... हे आत्ता आत्ता..."

"खालच्या ओळी वाच."

त्याने वाचल्या. उघडी, उघडी, उघडी. तोंडावरचा रंग उतरला. मग उसनं हसू आणून म्हणाला, "तूच टाइप केलंस. मला घाबरवतेस होय? सरक बाजूला."

खुर्ची ओढून त्याने स्वतः टाइप केलं. "बंद?"

काहीच आलं नाही.

त्याने पुन्हा टाइप केलं. काही नाही.

चिपचं उत्तर सोडा हो. त्याचा स्वतःचा शब्दही परत येईना. हे होऊच शकत नाही. तोंड आणि कान एकाच तारेला बांधलेले, बोललेलं ऐकू येणारच. त्याने तार काढली, खोचली, पुन्हा काढली. पुन्हा टाइप केलं. रिकामं.

"हो बाजूला," म्हणत मी तेच टाइप केलं.

"बंद." लगेच आलं.

त्याने केलं. काही नाही.

त्या तारेला त्याचा शब्दच नको होता.

नाबोर स्टुलावर बसला. बसला कसला, कोसळला. त्या रिकाम्या कोपऱ्याकडे न बघता बोलायला लागला.

"त्याने मला विचारलं होतं, कोमाद्रे. डाय बसवायच्या आधी. 'जाळी उघडून बघितली?' म्हणाला."

"मग?"

"मी म्हटलं, 'बघितली.'"

"बघितली होतीस?"

"नाही. बंद ठेवूनच तपासली होती. स्क्रीनवर 'बंद' आलं, मी म्हटलं झालं काम. मॅच चालू होती फोनवर. त्याने जे विचारलं तेच मी... मान वर न करता... परत म्हटलं."



"आणि तो तुकडा?"



"मी खोचला. लोक यायच्या आधी."

"त्याच्या अंगात ऊब होती रे तेव्हा," मी म्हटलं. माझाच आवाज मला ओळखू येईना. "तो तिथे तसा पडलेला, आणि तू त्याच्यावरून हात घालून तुकडा खोचलास? आणि मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलास? मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा तू, माझ्या पोरीला खाऊ आणतोस?"

"मला जेलमध्ये घातलं असतं, कोमाद्रे."

"कोमाद्रे म्हणू नकोस मला!"

तो हात जोडत राहिला. केसाने गळा कापतात म्हणतात, याने तर बाप्तिस्म्याच्या मेणबत्तीने कापला होता. मला त्याला मारावंसं वाटत होतं. पण त्याहून जास्त दुसरंच काही हवं होतं. सिल्वेरिओचं नाव धुऊन हवं होतं. मिरेयाला शाळेत मान वर करून जाता यायला हवं होतं. ते फक्त एकच माणूस करू शकत होता, आणि तो माझ्यासमोर बसला होता.

"कचेरीत चल. हेच सांगायचं. शब्दन् शब्द."

"सांगेन. आईची आण. मी सगळं सांगेन."

आणि कोपऱ्यातून... त्या रिकाम्या जागेवरून... त्याचाच आवाज परत आला. जरा उशिराने.

"...सगळं सांगेन..."

आमच्या शेडमध्ये आवाज घुमत नाही. भंगाराने खचाखच भरलेली आहे ती. आजवर कधी घुमला नव्हता.

नाबोरने दोन्ही हातांनी स्वतःचा गळा धरला. मग सायकल तिथेच टाकून पळाला.

पवित्र आठवडा होता, कचेऱ्या बंद. मी दिवस ढकलले. मिरेयाला काही सांगितलं नाही, म्हटलं शिक्का बसला की सांगू.

ईस्टर झाल्यावर नाबोरची बायको ग्रासिएला आली. डोळे सुजलेले.

"तुमच्या शेडमध्ये काय झालं गं? हा असा का करतोय?"

"कसा?"

"विचारावं तेच परत म्हणतो! 'जेवतोस?' म्हटलं तर 'जेवतोस'. 'बरं नाही का वाटत?' तर 'बरं नाही का वाटत'. आधी वाटलं चेष्टा करतोय. लाटणं घेऊन मागे लागले. तर म्हणतो, 'थांब मेल्या.' मला!"

"डॉक्टर?"

"घसा ठणठणीत आहे म्हणाले."

मला वाटलं, नाटक करतोय. कचेरीचा दिवस टाळायला. असली नाटकं त्याला चांगली जमतात. मी तशीच त्याच्या घरी गेले, दंडाला धरलं आणि बसमध्ये बसवलं. तो निमूट आला. वाटेत मी एक शब्द बोलले नाही, तोही नाही.

कचेरीत एक साहेब बसले होते. पुढ्यात तेहुइनोचा, मक्याच्या पेयाचा, थंडगार ग्लास, नजर कॉम्प्युटरवर.

मी म्हटलं, "साहेब, याला जबाब बदलायचाय. खरं सांगायचंय त्याला."

"त्याला सांगू दे ना मग, बाई. तुम्ही मागे बसा."

मी मागे बसले. म्हटलं, आता बोलेल. आईची आण घेतलीय. आता बोलेल.

साहेबांनी जुना कागद उघडला आणि त्यातलंच एकेक वाक्य वाचून विचारायला लागले. मान वर न करता.

"तुम्ही नाबोर ओल्वेरा?"

"तुम्ही नाबोर ओल्वेरा."

साहेबांनी टाइप केलं. त्यांना काही वावगं वाटलं नाही. 'तुम्ही' त्यांनी ऐकलंच नसेल.

"चिप व्यवस्थित चालत होती?"

"चिप व्यवस्थित चालत होती."

टक टक टक.

माझ्या लक्षात आलं की काय होतंय.

"तांब्याचा तुकडा सिल्वेरिओनेच खोचला होता?"

नाबोरचे ओठ थरथरले. मानेच्या शिरा ताठ झाल्या. आणि शांत, स्वच्छ आवाजात तो म्हणाला,

"तांब्याचा तुकडा सिल्वेरिओनेच खोचला होता."

"नाही!" मी ओरडले. "साहेब, तो उत्तर देत नाहीये! तुमचंच बोलणं परत येतंय ते! उलटा प्रश्न विचारा. चिप चालत नव्हती का, असं विचारा!"

"बाई, साक्षीदाराला पढवू नका."

"एकदा तरी उलटं विचारा हो!"

"शिपायाला बोलावू का?" ते म्हणाले. मग नाबोरकडे वळून, "म्हणजे जबाबात काही बदल नाही?"

"म्हणजे जबाबात काही बदल नाही."

कागद बाहेर आला. त्यावर एकही प्रश्न नव्हता. नुसती उत्तरं, सरळ आणि ठाम. नाबोरने सही केली आणि शिक्का बसला. आता सिल्वेरिओ दोनदा दोषी होता.

बाहेर पायऱ्यांवर मी त्याची कॉलर धरली. लोक बघत होते, बघू देत.

"नाटक करतोस?"

"नाटक करतोस."

"तुकडा तू खोचलास?"

"तुकडा तू खोचलास."

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पण ते तर अंत्ययात्रेतही वाहिलं होतं.

मी आजवर शंभर माणसांना विचारलंय. पाद्रीबाबांना विचारलं. ग्रासिएला म्हणते, झोपेत बडबडायचा, तेसुद्धा थांबलंय. ती म्हणते हे खरं आहे, बाधा आहे. मला ठरवता येत नाही. बाधा असेल तर सिल्वेरिओने त्याचा आवाज काढून घेतला, आणि ज्या आवाजात स्वतःची सुटका होती तोच नेमका. असा कसा रे मेल्यावरही घाईचा तू? आणि नाटक असेल तर नाबोरने जगातली सगळ्यात चोख खोटी साक्ष दिली. स्वतःचा एक शब्दही न वापरता. कसंही धरा, फसले मीच.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी पायऱ्यांवर मी त्याला अजून एक विचारलं. शेवटचं. आवाज बसला होता माझा.

"तू मला फसवलंस, नाबोर?"

यावेळी ते लगेच परत आलं नाही.

तो थांबला. माझ्याकडे बघत राहिला. रस्त्यावरची गाडी जाऊ दिली त्याने. आणि मग म्हणाला,

"तू मला फसवलंस."

एवढंच. 'नाबोर' आलं नाही.

बाकी सगळ्या वेळी शब्दाला शब्द परत आला होता. आधीही, नंतरही. ग्रासिएलाने घरी किती वेळा करून बघितलं, एक अक्षर कमी होत नाही. फक्त त्या एका वेळी एक नाव गळलं.

आपलं बोलणं परत येतं ते टाकून द्यायचं. मग थांबायचं. मग जे येईल ते समोरच्याचं...

समोर कोण होतं, ते मला माहीत नाही. वर्षभर कबरीवर उभी राहून मी ज्याला मूर्ख म्हटलं, ज्याच्याबद्दल एकदाही कुणाला उलटा प्रश्न विचारला नाही, तो होता का, हेही माहीत नाही.

त्यानंतर मी कबरीवर गेलेले नाही. फुलं मिरेयाच्या हाती पाठवते.